ईश्वरभाऊंच्या त्रेचाळीस ओळी

खंडेनवमीला आमच्या ऑफिसात एका कॉम्प्युटरचा थाट नवरदेवासारखा असतो. हळद-कुंकू, झेंडूचा हार, पुढे नारळ, उदबत्ती. त्या दिवशी त्याला कोणी हात लावायचा नाही, चालू करायचा नाही, त्याच्यावर डबा ठेवायचा नाही. हा कॉम्प्युटर ईश्वरदास सोनकुसरे यांचा, म्हणजे आमच्या ईश्वरभाऊंचा. उमरेडला त्यांच्या घरी माग होता, तेव्हा नवमीला मागाला हार घातला की दसरा उजाडेपर्यंत त्यांचे वडील घरातल्या कुणाला धोट्याला शिवू देत नसत. माग विकला, घर नागपूरला आलं, ईश्वरभाऊंनी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला, नोकरी धरली. नियम तेवढा राहिला. मला स्वतःला यंत्रांच्या पाया पडणं जमत नाही, पण नारळाचं खोबरं मी दरवर्षी हक्कानं मागून घेते.

मी कुसुमताई. मशीनसोबत जी पुस्तिका जाते ती मी लिहिते, आणि ऑफिसातलं कोणतं काम कसं करायचं त्याचे कागदही मीच लिहिते. आमची कंपनी लहान आहे, त्रिमूर्तीनगरात दुसऱ्या मजल्यावर. आम्ही संत्री निवडणाऱ्या मशीनचं सॉफ्टवेअर करतो. पट्ट्यावरून संत्री पळतात, वरचा कॅमेरा त्यांना बघतो, मोठं-लहान, हिरवं-पिवळं, डागी-बिनडागी असं वेगळं काढतो आणि शेवटी खोक्यावर शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी लागते.

हे सॉफ्टवेअर तीन हातांचं आहे. मोजमापाचा जुना भाग आमचाच, सी-प्लस-प्लस भाषेतला. कॅमेऱ्याचा भाग बाहेरून विकत आणलेला, तयार. आणि शेतकऱ्याचं नाव सांभाळून चिठ्ठीपर्यंत पोचवणारा नवा भाग यंदा उन्नतीनं लिहिला, रस्ट नावाच्या दुसऱ्या भाषेत. हे तिन्ही भाग जोडून एक चालणारा प्रोग्राम तयार करायचा, याला आम्ही बिल्ड म्हणतो. अकरा वर्षं ते काम ईश्वरभाऊंचं आणि त्यांच्याच कॉम्प्युटरवर व्हायचं. त्यामुळे संत्र्याच्या हंगामात या माणसाला सुट्टी म्हणून नाही. लेकीच्या साखरपुड्यातसुद्धा ते मांडवाच्या मागे जाऊन दोनदा फोनवर बोलले होते आणि बायकोनं त्यावरून त्यांना अजून सोडलेलं नाही.

उन्नती रामटेकची. वडील वामनराव धानाची शेती करतात. डिप्लोम्यानंतर दोन वर्षं घरी बसून, मुलाखती देऊन देऊन तिला ही नोकरी लागली होती आणि कायम व्हायला एक महिना राहिला होता. बोलणं कमी, काम नेटकं. माझे कागद ऑफिसात बाकीचे समोशाखाली घ्यायचे. ही पोरगी ते वाचायची आणि चुकलेला आकडा दाखवायला यायची. मला ती आवडायची ते उगाच नाही.

मागच्या दसऱ्याची गोष्ट. नवमी बुधवारी होती. ईश्वरभाऊ पूजा आटोपून अकरालाच घरी गेले. दुपारी काटोलकडच्या एका पॅकिंग केंद्रातून फोन आला की लांब नावं चिठ्ठीवर अर्धवट छापून राहिली आहेत, आंबिया बहाराचा माल यायला लागला आहे, आजच्या आज दुरुस्त करा. उन्नतीनं तासाभरात दुरुस्ती केली, तिच्या भागापुरती नावं टाकून पाहिली. पण बिल्ड करायचं कुठं? देव तर हार घालून बसलेला.

गोपाळराव आमचे मालक. कोपऱ्यात नुसत्या पडलेल्या नव्या कॉम्प्युटरकडे बोट करून ते म्हणाले, "नवीन कॉम्प्युटर शोभेले आणला का गा? त्याच्यावर करा."

तिनं माझा कागद पुढे ठेवला, ओळीनं सगळं केलं, ऑफिसातली चाचणी चालवली. चाचणी पास झाली. पाच वाजता तिनं प्रोग्राम केंद्रावर पाठवला. साडेपाचला केंद्रावर मशीन चालू झाली आणि पहिल्या शेतकऱ्याची पहिली चिठ्ठी यायच्या आधीच बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. दसऱ्याला आमचं ऑफिस बंद, त्यामुळे अख्खा दिवस ती मशीन तशीच उभी राहिली. लोकांनी सणाच्या दिवशी संत्री हातानं निवडली आणि निवडताना आमच्या कंपनीचा जो उद्धार केला तो गोपाळरावांनी फोनवर कान देऊन ऐकला.

शुक्रवारी सकाळी ईश्वरभाऊंनी हार उतरवला, आपला कॉम्प्युटर चालू केला, उन्नतीचाच कोड घेतला आणि बिल्ड करून पाठवला. दहा मिनिटांत केंद्रावरून फोन आला. मशीन झकास चालू होती, लांब नावंसुद्धा पूर्ण छापून येत होती.

ईश्वरभाऊ खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "माह्या मशीनवर तर चालून राहिलं."

त्यांच्या मनात पाप नव्हतं, थोडी फुशारकी होती. पण त्या एका वाक्यानं पोरीचा घात केला.

गोपाळरावांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं, आम्ही सगळे ऐकत होतो. ते म्हणाले, "भाऊनं केलं तर चालते, तू केलं तर बंद पडते. काय बदललं होतं तू?"

"काहीच नाही, सर. कोड तोच आहे. मी जे पाठवलं तेच ईश्वरकाकानं घेतलं."

"तोच कोड इथं चालते अन् तिथं नाही चालत, असं कसं होईल? चूक झाली तर झाली वं. लपवते काहून?"

"मी लपवून नाही राहिली, सर."

"मले मूर्ख समजू नको. चूक मी एकदा माफ करतो, खोटं नाही करत. लॅपटॉप जमा कर अन् घरी जा. सोमवारपासून येऊ नको."

दसऱ्याचं राहिलेलं सोनं गोपाळराव त्या दिवशी सगळ्यांना वाटत होते. तिच्या टेबलापाशी ते थांबले नाहीत. तिनं लॅपटॉप ठेवला, पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि जिना उतरून गेली. मला इतका संताप आला की मी माझ्या वाट्याची आपट्याची पानं टेबलावरच टाकली आणि तडक ईश्वरभाऊंकडे गेले.

"भाऊ, ते पोरगी खोटं बोलून राहिली असं वाटते तुम्हाले?"

"मले काय माहीत, ताई? माह्याकडे तर चाललं."

"तिनं माह्या कागदावरून केलं. कागद चुकला असन तर चूक माही आहे, तिची नाही. उठा. नव्या कॉम्प्युटरवर बसा. मी कागद वाचते, अन् मी वाचीन तेवढंच तुम्ही टाइप करायचं."

कुरकुरत उठले. तो कागद त्यांनीच तीन वर्षांपूर्वी मला सांगून लिहून घेतला होता आणि त्यानंतर कधी वाचला नव्हता. आपलं आपणच काय वाचायचं, असं त्यांचं मत. मी एकेक ओळ वाचत गेले. त्यांची बोटं मात्र सवयीनं पुढे धावायची, मी न सांगितलेलं काहीतरी लिहायची, आणि मी पट्टीनं टेबलावर टक् केलं की मागे यायची. मास्तरकी करायची माझी सवय जुनी आहे, तिथे कामाला आली.

बिल्ड झाला. ऑफिसातली चाचणी चालवली, तीही पास झाली.

"पाहा, चालते ना वं ताई," ते म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र पडला होता. कागद बरोबर, कॉम्प्युटर बरोबर, म्हणजे पोरगीच खोटी ठरत होती आणि ते त्यांनाही नको होतं.

मी चाचणीचा माल पाहिला. आमचे लोक चाचणीला शेतकऱ्याच्या नावाची जागा कोरी ठेवतात, नाव लिहायचा कंटाळा. नुसते आकडे. मी म्हटलं, "केंद्रावर तर माणसं असतात, आकडे नाही. नाव टाका एखादं." आणि मीच त्यांच्या हातून कीबोर्ड ओढून माझ्या सासऱ्यांचं पूर्ण नाव टाकलं, गावासकट.

प्रोग्राम जागच्या जागी कोसळला.

ईश्वरभाऊ पडद्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "हे मी पाहिलं आहे. ऑगस्टात."

ते उठून आपल्या कॉम्प्युटरवर गेले आणि एक फाइल उघडली. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला की ती आपोआप वाचली जाते. अकरा वर्षांत कुठेही काही अडलं की भाऊ त्या फाइलीत एक ओळ टाकायचे आणि पुढे जायचे. नीट लिहून ठेवू, सगळ्यांना सांगू, हे नेहमी उद्यावर. मी मोजल्या. त्रेचाळीस ओळी होत्या. खालच्या दोन ओळींवर तारीख ऑगस्टची, पोळ्याच्या आदल्या दिवसाची. उन्नतीचा भाग पहिल्यांदा जोडला तेव्हाची.

त्यांनी मला तेव्हा जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. सी-प्लस-प्लसमध्ये काम करणारा नाव ठेवणं, यादी ठेवणं असली रोजची कामं स्वतः लिहीत बसत नाही. त्याचं तयार सामान मिळतं, त्याला प्रमाण लायब्ररी म्हणतात. पण ती एक नाही, दोन निरनिराळ्या मंडळींनी लिहिलेल्या दोन आहेत. बाहेरून दोन्ही सारख्या, आत ठेवायची रीत वेगळी. कोणती घ्यायची ते कंपायलरला, म्हणजे लिहिलेला कोड मशीनला चालेल असा करून देणाऱ्या प्रोग्रामला, एका शब्दात सांगावं लागतं, त्या शब्दाला फ्लॅग म्हणतात. नाही सांगितलं तर तो आपल्या मनानं नेहमीची उचलतो. आमचा विकत आणलेला कॅमेऱ्याचा भाग नेहमीच्या नाही, दुसऱ्या लायब्ररीवर बनलेला आहे. आमच्या जुन्या भागाच्या फाइलीत तो फ्लॅग लिहिलेला होता. उन्नतीच्या रस्टला जुन्या भागाशी जोडणारा जो छोटा दुवा आहे, तोही सी-प्लस-प्लसचाच, त्याला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. भाऊंच्या त्या दोन ओळी त्याला सांगायच्या, एक बनवताना आणि एक जोडताना. म्हणजे फक्त त्यांच्या कॉम्प्युटरवर.

मी विचारलं, "मग जोडतानाच ओरडला काहून नाही तो?"

"नाव थेट जात नाही ना, ताई. नाव ठेवलं आहे त्या जागेचा नुसता पत्ता जाते. पत्त्यावरून आत काय आहे ते कोणाले समजन? आकड्यांची यादी दोघी सारखीच ठेवतात, म्हणून आकडे निघून जातात. नावाची रीत वेगळी आहे. तिथं मरते."

खरं सांगते, माझ्या मनात आलं की या दोन ओळी गुपचूप नव्या कॉम्प्युटरवर टाकाव्या आणि म्हणावं, नव्या मशीनमध्येच बिघाड होता. पोरगी सुटली असती, भाऊही सुटले असते. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती आणि गोपाळरावांचा राग सगळ्यांना ठाऊक. मी तसं बोलूनही दाखवलं.

भाऊंनी चष्मा पुसला. "मशीननं तिले खोटारडी नाही म्हटलं, ताई. गोपाळरावानं माह्या बोलण्यावरून म्हटलं." आणि ते तसेच केबिनमध्ये गेले. मी मागोमाग गेले, कारण असल्या वेळी मला बाहेर राहवत नाही.

"गोपाळराव, पोरगी खरं बोलून राहिली होती. चूक माही आहे."

गोपाळरावांनी फोन खाली ठेवला. "काय?"

"तुमच्या आजोबाच्या धान्याच्या दुकानात एक पायली होती. आमच्या उमरेडले दुसरी होती. दोघीले पायलीच म्हणत. आता एकानं उमरेडच्या पायलीनं मोजून दिलं अन् दुसऱ्यानं तुमच्या पायलीनं मोजून घेतलं, तर माल जुळन का? जुळत नाही. पण म्हणून कोणी खोटं बोललं का? पोरीनं कागदावर होतं तसं केलं. पायली कोणती घ्यायची ते कागदावर नव्हतंच."

"अन् ते कोणाले माहीत होतं?"

"मले. माह्या कॉम्प्युटरले सांगून ठेवलं होतं. माणसाले नाही सांगितलं."

गोपाळराव चिडतील म्हणून मी दाराची चौकट धरून उभी होते. ते चिडले नाहीत. कपाळ चोळत बसले. म्हणाले, "मी तिले खोटारडी म्हटलं ना, भाऊ. सगळ्याइच्या समोर." मग त्यांनी उन्नतीला फोन लावला. तिनं उचलला नाही. पुन्हा लावला, नाही उचलला. मला वाटलं, बरं झालं, थोडं वाट बघू दे यांना.

ईश्वरभाऊंचा फोन तिनं उचलला. मागे बसचा घरघराट होता, कामठी सोडून बस मनसरच्या पुढे आली होती. भाऊंना ओरडून सांगावं लागलं. "उन्नती, तू खरं बोलली होती वं. चूक माही निघाली. माह्या मशीनमधी दोन ओळी होत्या, त्या तुले कोणी सांगितल्याच नाही. ऐकून राहिली का?"

ऐकत होती. मग म्हणाली, "काका, मी बाबाले फोनवर सांगून दिलं की नोकरी गेली. काहून गेली तेही सांगितलं. आता मी म्हटलं का माही चूकच नव्हती, तर त्याहीले वाटन मी मन राखायले बोलून राहिली. तुम्ही सांगा."

"फोनवर?"

विचारता विचारता भाऊंनाच कळलं. "उद्या येतो," ते म्हणाले.

शनिवारी सकाळच्या बसनं आम्ही दोघं रामटेकला गेलो. गोपाळराव येतो म्हणत होते, पण मीच म्हटलं, तुमचं सोमवारी बघू. गडाच्या खालच्या अंगाला वामनरावांचं घर, अंगणात पोती रचून ठेवलेली, धान कापणीला आलेलं. वामनरावांनी पाणी दिलं, बसा म्हणाले, आणि स्वतः उभेच राहिले. पोरीची तक्रार घेऊनच आले असतील, असा त्यांचा समज झाला होता. आतल्या दारात उन्नती उभी होती, डोळे सुजलेले.

ईश्वरभाऊंना प्रस्तावना जमत नाही. ते सरळ म्हणाले, "तुमच्या पोरीवर खोटं बोलल्याचा आळ आला, तो माह्यामुळं आला. तिनं काहीच चुकीचं नाही केलं."

"काहीच नाही?" वामनरावांनी विचारलं.

"काहीच नाही. तिले जेवढं सांगितलं तेवढं तिनं बरोबर केलं. जे सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही. मालकाले मी हे सांगून आलो. सोमवारी तिले कामावर बोलावलं आहे."

वामनराव एकदा भाऊंकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. तेव्हा कुठे त्यांचे खांदे खाली आले. त्यांनी आत तोंड करून बायकोला हाक दिली, "ऐकलं का वं? पोरीले ताट वाढ. कालपासून उपाशी आहे ते."

उन्नती दारातच खाली बसली आणि रडायला लागली, आणि रडता रडताच आईनं आणून दिलेला वरणभात खायला लागली. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. ईश्वरभाऊ पोत्यांकडे बघत राहिले. आम्हालाही जेवल्याशिवाय सोडलं नाही.

सोमवारी गोपाळराव जिन्याच्या तोंडाशीच उभे होते, हातात सुकलेली आपट्याची पानं. "तीन दिवस उशीर झाला," ते उन्नतीला म्हणाले, "पण घे. चुकलो मी." हे त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं. मी त्यांच्यावरचा राग तिथेच सोडला, म्हणजे बराचसा.

त्यानंतर पंधरा दिवस उन्नती आणि ईश्वरभाऊ ती त्रेचाळीस ओळींची फाइल घेऊन बसले. आधी त्या खालच्या दोन ओळी प्रोग्रामच्या मूळ फाइलीत गेल्या, म्हणजे बिल्ड कुठल्याही कॉम्प्युटरवर करा, तिन्ही भागांना लायब्ररी एकच सांगितली जाणार. वर तिनं एक पहारेकरी बसवला. तयार प्रोग्रामात दोन लायब्रऱ्या एकत्र दिसल्या तर बिल्ड तिथेच थांबतो आणि कारण सांगतो. चाचणीत आता नाव टाकल्याशिवाय पुढे जाता येत नाही, माझ्या सासऱ्यांचं नाव तिथे कायमचं बसलं आहे. बाकीच्या ओळी एकेक करून तपासल्या. चौदा कामाच्या निघाल्या, त्याही मूळ फाइलीत गेल्या; सत्तावीस तर मेलेल्याच होत्या, कुठल्या जुन्या प्रिंटरसाठी वगैरे. प्रत्येक ओळ पुसताना भाऊ विचारायचे, "हे राहू दिली तर?" आणि ती म्हणायची, "कायले, काका?" मग ते स्वतःच ती ओळ पुसायचे. शेवटी फाइल कोरी झाली, आणि मी नवा कागद लिहिला. दोघांनीही तो वाचून त्यावर सही केली.

दिवाळीला ईश्वरभाऊ आठ दिवसांची सुट्टी घेऊन उमरेडला गेले, ऐन हंगामात. तिसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसचा फोन वाजला. भाऊच होते. "सकाळी बिल्ड होता ना? कोणी केला? अटकला का कुठं?"

"झाला, काका," उन्नती म्हणाली. "नव्या कॉम्प्युटरवर केला. केंद्रावर चालू आहे. तुम्ही जेवण करा."

ते परत आल्यावर मी त्यांना चिडवलं, की देवाला आता हार कोण घालणार. ते म्हणाले, हार दोन्ही कॉम्प्युटरला घालू, पण काम थांबवायचं नाही. मग थोडं थांबून, डब्याचं झाकण लावता लावता म्हणाले, "ताई, त्या पोरीनं जेवण करा म्हटलं अन् फोन ठेवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा समजलं, मी नसलो तरी चालते. पहिले भेव वाटलं. मग अशी झोप लागली की बायकोनं चहाले उठवलं."